क्लेर्व्हिलकडचं कोण आहे?

आमच्या बेटावरच्या लाकोलीन गावात जनरल झेफिरीन वर्षातून एकदा जेवायला येतो. त्याला मरून दोनशे वर्षं उलटून गेली, पण त्याने काही अडत नाही. नोव्हेंबरात, त्याला मारलं त्या तारखेला, डोंगराखालच्या वाडीत भर दुपारी ढोल सुरू होतात आणि उन्हं कलायच्या आत तो आल्ताग्रासच्या अंगात येतो. आला की आधी कुडकुडतो आणि कोरडा सदरा मागतो, कारण फ्रेंचांनी त्याला पोत्यात घालून बंदरात बुडवला होता आणि तो अजून ओलाच आहे. सदरा मिळाला की मग बोकड, मग मिरच्या घातलेली उसाची कच्ची दारू, मग समोर दिसेल त्याला शिव्या. ज्याला शिवी मिळाली नाही तो वर्षभर तोंड पाडून हिंडतो. अशी माणसं आम्ही.

ही आल्ताग्रास म्हणजे आमच्या फिलोजेन मास्तरांची बायको. नवऱ्याला अहो-जाहो करणारी, केळी तळताना गुणगुणणारी, एरवी अगदी साधी बाई. आणि जनरल झेफिरीनवर टीका करणारा साऱ्या पंचक्रोशीत एकच माणूस होता, तो नेमका तिच्या वाट्याला आला होता.

मास्तर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. अंगाने काटकुळे, पोटात पित्त आणि डोक्यात जनरल. जनरल झेफिरीनचं मूल्यमापन करायचं हे त्यांनी तरुणपणीच ठरवलं होतं. करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण जे काम कुणी सांगत नाही ते मास्तर पहिल्यापासून फार मन लावून करत. विद्यार्थी होते तेव्हा झेफिरीन त्यांना महानायक वाटायचा. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचं चित्र काढून खोलीत लावलं होतं, आणि ते आमच्या न्हाव्यासारखं दिसतं असं सगळे म्हणत. मग नोकरी लागली. ते दिवस सरकारच्या काळ्या चष्म्यावाल्या गुंडांचे होते, तेव्हा मास्तर वर्गात खणखणीत आवाजात 'मुक्तिदाता' म्हणत आणि घरी येऊन, दार लावून, 'हुकूमशहा' म्हणत. तेही हळूच. पुढे ते राज्य गेलं, भीती गेली, आणि मास्तरांना एक नवीन शब्द सापडला. 'गुंतागुंतीचं व्यक्तिमत्त्व.' त्या शब्दावर त्यांनी बरीच वर्षं काढली.

"गुंतागुंतीचं म्हणजे काय हो?" आल्ताग्रासने एकदा विचारलं. "चांगला की वाईट?"

"दोन्ही."

"म्हणजे तुमच्यासारखाच की. त्यात अभ्यास कसला केलात?"

मास्तरांना तेव्हा फार राग आला होता. नंतर एकटे असताना त्यांना वाटलं, इतक्या वर्षांत आपल्या लिखाणाला मिळालेला हा एकमेव अभिप्राय आहे आणि तो बरोबर आहे.

पण खरी गोम त्या शब्दात नव्हती. खरी गोम क्लेर्व्हिल.

झेफिरीन आणि क्लेर्व्हिल दोघे एकाच मालकाचे गुलाम. एकाच साखळीत बांधलेले. बंड झालं तेव्हा साखरेच्या कारखान्याला आग लावली ती या दोघांनी मिळून. पुढे झेफिरीन जनरल झाला. फ्रेंच परत येणार हे दिसत होतं, बंदुकांना दारू हवी होती, दारूला पैसा हवा होता आणि पैसा उगवत होता तो फक्त उसात. तेव्हा जनरलने हुकूम काढला, सगळ्यांनी परत मळ्यात. मालक गेला, मळा आता आपला आहे, आता आपल्यासाठी राबा. क्लेर्व्हिल म्हणाला, "मला ऊस डोळ्यांपुढे नको." आणि तो डोंगरावर जाऊन रताळी लावायला लागला. जनरलच्या माणसांनी त्याला खाली आणला. जनरलने स्वतःच्या काठीने त्याला सगळ्यांदेखत झोडपला आणि त्यातच तो गेला. पुढच्या वर्षी फ्रेंच आले. मोठेमोठे सेनापती शरण गेले, झेफिरीन गेला नाही. म्हणून पोतं, म्हणून बंदर.

म्हणजे ज्याने आम्हाला सोडवलं त्यानेच आम्हाला झोडपलं. आता यावर काय करायचं? आम्ही लाकोलीनकरांनी सोपा मार्ग काढला. सोडवलं ते लक्षात ठेवलं, आणि झोडपलं त्याबद्दल क्लेर्व्हिलच्या घराण्याला 'पळपुटे' म्हणून चिडवत राहिलो. ती काठी अजून वाडीच्या देवघरात आहे. दरवर्षी तिला तेल लावतात.

क्लेर्व्हिलच्या घराण्यात आता एकच माणूस उरला होता. तो म्हणजे फिलोजेन मास्तर. आणि झेफिरीनच्या घराण्यातली मुलगी त्यांनी केली होती. प्रेमात पडले तेव्हा आडनाव विचारायचं राहून गेलं, असं ते सांगतात. आम्हाला ते खरं वाटत नाही, कारण लाकोलीनमध्ये आडनाव कुणाला विचारावंच लागत नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तर जावई म्हणून कौतुकाने उत्सवाला गेले होते. जनरल आल्ताग्रासच्या अंगात आला. जेवला, प्याला, मग देवघरातून काठी मागवली आणि ती दोन्ही हातांत धरून ओरडला, "क्लेर्व्हिलकडचं कोण आहे? ए, तू! इकडे ये!" काल लग्न करून आणलेली बायको डोळे लाल करून काठी घेऊन आपल्या दिशेने येते आहे म्हटल्यावर मास्तर जे सुटले ते थेट डोंगरावर. मागे सगळं गाव खो-खो हसत होतं. "पळाला! पळाला! रक्तातच आहे!" झाडावर चढून बसलेली पोरंसुद्धा ओरडत होती.

त्यानंतर त्या तारखेला मास्तरांना शहरात हटकून काम निघे. कधी पेन्शनचं, कधी चष्म्याचं. एका वर्षी काहीच सुचेना तेव्हा त्यांनी चांगली दाढ उपटून घेतली. तत्त्वासाठी माणसं तुरुंगात जातात, आपण दंतवैद्याकडे गेलो, असं ते स्वतःशी म्हणत आणि सुजलेला गाल धरून घरी येत. आल्ताग्रास गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि काही विचारायची नाही. तिला तसंही त्या दिवसातलं काही आठवत नसे. जनरल ज्याच्या अंगात येतो त्याला आम्ही घोडा म्हणतो, आणि स्वार वर असतो तेव्हा घोड्याला काही ठाऊक नसतं.

तर यंदा नवीन नगराध्यक्षांच्या डोक्यात आलं की नुसतं खाणंपिणं नको, थोडं वैचारिकही हवं. त्यांनी मास्तरांना बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही भाषण करा. 'जनरल झेफिरीन, वारसा आणि मूल्यमापन'. जरा दणदणीत होऊ द्या."

मास्तर बोलावणं घेऊन घरी आले ते हवेतच. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं! त्यांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला, 'गुंतागुंतीचं' हा शब्द सगळीकडून खोडला आणि यंदा एकदाचं खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. लिहून झालं तेव्हा आल्ताग्रास मागच्या अंगणात उखळात कॉफी कुटत होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहून, हात हलवत, वाचायला लागले. ती कुटत ऐकत होती. 'जनरल झेफिरीन हा आधीच्या मालकासारखाच एक मालक होता, फक्त आपल्या रंगाचा' इथपर्यंत आले आणि मुसळ थांबलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं वाक्य आवडलं. त्यांनी परत वाचलं, जरा जास्त ठसक्यात.

"तो माझ्या अंगात येतो, ठाऊक आहे ना? सगळ्या गावात माझ्याच अंगात येतो. मग मी कोण झाले? मालकीण?"

"अगं, मी इतिहासाबद्दल बोलतोय. तुझा काय संबंध?"

"माझा संबंध नाही? मग कुणाचा? तो बुडाला तो काय स्वतःच्या उसासाठी? तुम्ही आज खुर्चीत बसून मालक कोण अन् गुलाम कोण ते ठरवताय, ते त्याच्या जिवावर."

"आणि क्लेर्व्हिल मेला तो?"

"त्याच्याबद्दल वाईट नाही का वाटत मला? पण तुम्हाला क्लेर्व्हिलचं दुःख नाही हो. लोक पळपुटा म्हणतात त्याचं दुःख आहे."

हे इतकं खरं होतं की मास्तरांचा तोल गेला. ते म्हणाले, "एका ढोंगाला देव म्हणायचं आणि वर्षातून एकदा फुकटची दारू प्यायची!"

आल्ताग्रासने मुसळ भिंतीला टेकवलं. घरात गेली, मोठं पातेलं उचललं, त्यात स्वतःचे कपडे भरले आणि ते डोक्यावर घेऊन बाहेर आली. "हे भाषण वाचलंत तर मी परत यायची नाही," एवढंच बोलली आणि भावाच्या वाडीवर गेली. तिचा भाऊ सेंतिलुस म्हणजे देवघराची किल्ली ज्याच्याकडे असते तो.

पुढचे दिवस मास्तरांनी उकडलेल्या केळ्यांवर काढले. मोठं पातेलं गेलेलं, तेव्हा जेमतेम एक केळं मावेल अशा भांड्यात ते एकेक करून उकडत बसत. वाचावं तर बायको जाते. न वाचावं तर क्लेर्व्हिल जातो, आणि त्याच्याबरोबर आपला सगळा जन्म जातो. मधला मार्ग काढावा तर तो 'गुंतागुंतीचं' इथेच जाऊन पोचतो, आणि तिथे आपण आधीच बरीच वर्षं राहून आलोय. दाढ काढायला जावं म्हटलं तर दाढाही फारशा उरल्या नव्हत्या.

शेवटी ठेवणीतला पांढरा कोट घालून ते उत्सवाला गेले.

मापूच्या झाडाखाली सगळं गाव जमलं होतं. ढोल केव्हाचे वाजत होते. आल्ताग्रास पांढऱ्या कपड्यांत चटईवर बसली होती, मान खाली घालून. पण जनरल येत नव्हता. बोकड शिजला, केळी तळून झाली, वाजवणारे घामाने निथळले, तरी नाही. लोक कुजबुजायला लागले. "मास्तर आलेत ना, म्हणून अडलंय." "अहो, मागे एकदा आला होता की ते असताना." "तेव्हा यांनी लिहिलेलं नव्हतं काही." मास्तरांनी ते ऐकलं आणि, खोटं कशाला बोला, त्यांना थोडा अभिमानच वाटला. आपल्या लिखाणाला घाबरणारा कुणीतरी निघाला, तो मेलेला का असेना.

नगराध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि हात वर केला. "ढोल थांबवा. भाषण आधी होऊ द्या."

मास्तर उभे राहिले. सुरुवातीचं आदरणीय-माननीय झालं. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानाच्या शेवटी होतं, 'त्या माणसाचं नाव होतं क्लेर्व्हिल.' ते त्यांनी वाचलं आणि बायकोकडे बघितलं. तिने मान वर केली होती. रागाने नाही. नुसती बघत होती, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघतात तशी. पुढच्या पानावर ते वाक्य होतं. मास्तरांनी पान उलटायला बोट ओलं केलं, आणि त्यांना पायांना गार लागलं.

वय झालं, ते मनात म्हणाले. रक्ताभिसरण. गार गुडघ्यांपर्यंत आलं. मग कमरेपर्यंत. कुठेतरी ढोल वाजायला लागला, आणि 'अरे, भाषण चालू आहे ना!' असं ओरडावंसं त्यांना वाटलं. आम्ही शपथेवर सांगू शकतो की ढोलाला कुणी हात लावलेला नव्हता. शेवटी मास्तर कागद खाली करून, चक्रावून, सगळ्यांना ऐकू येईल असं एकच बोलले.

"माझा सदरा ओला कसा झाला?"

त्यापुढचं मास्तरांना ठाऊक नाही. म्हणून तूर्त मीही सांगत नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं होतं. मास्तर जमिनीवर होते. अंगात कोट नव्हता. कुणाचा तरी निळा सदरा होता, चांगला दोन माणसं मावतील एवढा. गुडघे असे ठणकत होते की विचारू नका. तोंडाला बोकडाची चव होती. हातात काहीतरी घट्ट धरलेलं होतं. बघतात तर काठी. सेंतिलुस वाकला, त्याने मास्तरांची बोटं एकेक करून सोडवली आणि काठी घेतली. आजूबाजूला अख्खं गाव उभं होतं आणि कुणीही हसत नव्हतं. आम्ही हसत नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढं मास्तरांना कळत होतं.

"चक्कर आली वाटतं," ते म्हणाले. "पित्त. केळी बाधली."

"हं," सेंतिलुस म्हणाला.

"भाषण... झालं का?"

"झालं की."

"कसं झालं?"

सेंतिलुसने विचार केला. "लांबलं."

"लोकांना आवडलं?"

"आता आवडलं म्हणजे... जेवण गार झालं, पण उठलं कुणी नाही."

मास्तरांनी आल्ताग्रासला शोधलं. ती झाडाच्या पलीकडे उभी होती, डोक्याला बांधलेल्या फडक्याच्या टोकाने नाक पुसत. त्यांच्याकडे आली नाही. मास्तरांना वाटलं, वाचलं म्हणजे आपण ते वाक्य. शुद्ध हरपली तरी वाचलंच. संपलं सगळं. त्यांनी कागद शोधले. ते सापडले, मटणाच्या रश्शाने माखलेले आणि चुरगाळलेले. कुणीतरी त्यांना हात पुसले होते.

घरी जाताना त्यांनी वाटेत भेटेल त्याला विचारलं. न्हावी दिएसेल, जो कधी सुईच्या टोकाएवढी गोष्ट पोटात ठेवत नाही, तोही चुळबुळला. "मास्तर, ते तुमच्या घरचे सांगतील. आम्ही सांगायचं नसतं." तशी रीतच आहे. घोड्याला काय झालं ते सांगायचा मान घरच्यांचा. पण मास्तरांच्या मनात घोड्याचा विचारच नव्हता. वर्गात त्यांनी जन्मभर शिकवलं होतं की अंगात येणं हा मज्जातंतूंचा खेळ आहे, आणि अडाणी बायकांच्या बाबतीत तो जास्त चालतो. 'अडाणी बायका' म्हणताना शाळेची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली आपली बायको त्यांना कधी आठवली नव्हती. पण दिएसेलने जाता जाता मान लववली. पळपुटा म्हणाला नाही, मान लववली. मास्तरांना तिथेच घाम फुटला.

अंथरुणात पडल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. तोंडाला मिरच्यांच्या दारूचा वास होता. मिरचीचं नाव काढलं तरी ज्यांच्या छातीत आग पडते त्या मास्तरांच्या पोटात गार आणि शांत वाटत होतं. मज्जातंतूंचं एक वेळ समजू, ते म्हणाले, पण जठराचं काय?

सकाळी ते अंगणात त्या भल्यामोठ्या निळ्या सदऱ्यातच बसले होते, तेव्हा आल्ताग्रास फाटकातून आत आली. डोक्यावर पातेलं होतं. पातेल्यात मास्तरांचा पांढरा कोट होता, धुतलेला, पण बाही फाटलेली. तिने पातेलं खाली ठेवलं, पण आत नेलं नाही. उखळावर बसली.

"वाचलं का मी ते?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. वाचायच्या आधीच तो आला."

"कुणाच्या..." मास्तरांचा आवाज चिरकला. "कुणाच्या अंगात?"

"आता हे पण मीच सांगू?"

मास्तरांनी पातेल्यातल्या कोटाची फाटलेली बाही चाचपली. मग म्हणाले, "लोक म्हणत असतील, भाषण टाळायला नाटक केलं."

"म्हणाले असते. पण तुम्ही मिरच्यांची दारू पाण्यासारखी प्यालात. तुम्ही! त्यावर सगळ्यांची खात्री पटली." तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "कोट फाडून काढलात. ओला आहे म्हणे. मी सेंतिलुसचा सदरा दिला. जेवलात. भाषणाच्या कागदांना हात पुसलेत. तोवर सगळे हसत होते, मीसुद्धा हसले. मग तुम्ही... तो काठी मागायला लागला."

"कुणाला मारलं मी?"

"ऐका तर. तो काठी दोन्ही हातांवर आडवी धरून एकेकासमोर जायला लागला. क्लेर्व्हिलकडचं कोण आहे? क्लेर्व्हिलकडचं कोण आहे? नगराध्यक्षांनाही विचारलं. ते म्हणाले, मी निवडून आलेला आहे." आता मात्र ती हसलीच, आणि लगेच थांबली. "सेंतिलुस म्हणतो, हे तो दरवर्षी विचारतो. माझ्या अंगात असतो तेव्हाही. मला कुठलं ठाऊक असायला? दरवर्षी काठी मागवतो, दरवर्षी विचारतो, आणि गाव ओरडतं, पळाला! शहरात गेला दाढ काढायला! मग इतका हशा होतो की पुढचं कुणी ऐकतच नाही."

"पुढचं काय ऐकायचं? मारायला बोलावतो, आणखी काय."

"असंच सगळ्यांना वाटायचं. काल पळाला म्हणून हसायची सोयच नव्हती, तुम्ही समोर होतात, म्हणजे नव्हता, पण... तुम्हालाच कसं हसणार? म्हणून काल पहिल्यांदा सगळे गप्प बसले आणि त्याचं बोलणं पुरं झालं." तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, त्यांवर काहीतरी ठेवल्यासारखे. "तो माझ्यासमोर आला. काठी अशी धरली होती. मारायला अशी धरतात का हो? म्हणाला, बाई, ही त्याच्या माणसाच्या हातात द्यायची आहे. त्याने मला मारायचं आहे. त्याशिवाय माझा सदरा वाळत नाही."

मास्तरांनी खाली बघितलं. निळ्या सदऱ्याच्या बाह्या त्यांच्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोच्या हातातली काठी कशी होती ते त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. आडवी की उभी? तेवढं बघायला ते थांबलेच नव्हते.

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, जनरलसाहेब, त्याच्याकडचा एकच उरलाय आणि आत्ता तुम्ही त्याच्याच अंगात आहात. तो आधी हसला. तुमच्या तोंडाने, पण तुम्ही असं कधी हसत नाही. मग म्हणाला, तर मग थांबतो मी. येऊ दे त्याला. आणि बसला गुडघ्यांवर, उन्हात, काठी हातांवर घेऊन. आम्ही सगळे उभे. संध्याकाळपर्यंत हलला नाही. तुमचे गुडघे ठणकतात ना? ते त्याने."

मास्तरांना रडू आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा काढला, तर चष्मा डोळ्यांवर नव्हताच, तोही कुठेतरी हरवला होता. आयुष्यभर आपण त्या माणसाचा निकाल लावत बसलो. तो दरवर्षी काठी घेऊन तेच मागायला येत होता, आणि आपण तेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो. क्लेर्व्हिल पळाला नव्हता. तो रताळी लावायला गेला होता.

"मी पळालो," ते म्हणाले.

"पळालात," आल्ताग्रास म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, "आम्हीही हसलो."

कोंबड्या उखळाभोवती सांडलेलं टिपत होत्या.

"पुढच्या वर्षी परत तुझ्याच अंगात आला तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर काठी तुमच्यापुढे धरेल. घ्यायची."

"आणि मारायचं?"

"त्याला मारायचं. क्लेर्व्हिलसाठी. हक्क आहे तुमचा."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या खांद्यांकडे, पातेलं वाहून अवघडलेल्या मानेकडे. "पण पाठ तर तुझीच असणार."

"हो. माझीच."

"मग कसं मारणार गं?"

"ते मला काय विचारता? मूल्यमापन तुम्ही करताय ना इतकी वर्षं?" ती उठली. "मारा नाही तर सदरा द्या, ते तुमचं तुम्ही बघा. पण त्या दिवशी दाढ काढायला जायचं नाही."

"नाही जाणार."

"नक्की?"

"दाढाच नाहीत आता," मास्तर म्हणाले. मग त्यांना वाटलं, हेही पळणंच झालं. म्हणून ते नीट म्हणाले, "मी इथेच असेन."

आल्ताग्रासने पातेलं उचललं, कोट मास्तरांच्या मांडीवर टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवली.